डोळा कुठे अडकतोय?

बाबांच्या आयुष्यातला शेवटचा साधा दिवस भांडी घासायच्या साबणावरून झालेल्या कटकटीने संपला. सुरुवात मात्र नेहमीसारखीच झाली होती, त्यांच्या प्रश्नाने.

"या परीक्षक बाई! चपला तिथेच काढा. बघा आणि सांगा, डोळा कुठे अडकतोय?"

लेक दारात उभी होती. खांद्यावरच्या पिशवीत कुणा लेखकाच्या पुस्तकाची मुद्रितं होती, दुपारपर्यंत तपासून परत करायची. प्रकाशकाकडे ती याच कामाला होती. दुसऱ्यांच्या पानांवरच्या चुका शोधायच्या आणि कडेला खुणा करायच्या. "चुका काढायचा पगार मिळतो माझ्या लेकीला," बाबा येईल त्याला सांगत. "घरी मात्र फुकट काढते."

घराच्या मागची ही खोली मुळात मोटार ठेवायला बांधलेली. मोटार कधी आली नाही, कॅनव्हास आले. बाबांनी शटर काढून तिथे काचा बसवल्या, म्हणजे दिवसभर सारखा उजेड. फरशीवर जुन्या वर्तमानपत्रांचा थर साचला होता आणि त्यावर इतका रंग सांडला होता, की पाय ठेवला की कुरकुर वाजे. भिंतीला एक मोठा आरसा होता, तोंड बघायला नव्हे, चित्र उलटं बघायला. आणि एक हात मोडलेली खुर्ची. बाबांचा चित्र काढण्याचा बराचसा वेळ या खुर्चीतच जाई. आधी रंगाचा थर द्यायचा. तो वाळेपर्यंत बसायचं. मग भिंतीतल्या भेगा बुजवायला लांबी भरतात त्या पत्र्याच्या पट्टीने तो खरवडायचा, म्हणजे खालचा जुना थर कुठे कुठे डोकं वर काढतो. त्यातलं काय ठेवायचं आणि काय बुजवायचं, याचा विचार करत पुन्हा बसायचं. "आमचे हे चित्र काढत नाहीत," आई म्हणायची, "चित्राची वाट बघतात. बस येत नाही तसे बसलेले असतात."

बाबांचं रंगाचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या भिंतींसाठी डबे विकायचे आणि उरलेला वेळ ज्यात काही म्हणता काही ओळखू येत नाही अशी चित्रं करायची. एकदा एक लांबचे मेहुणे चित्रासमोर उभे राहून म्हणाले होते, "छान आहे हो, पण यात माणूस कुठे आहे?" बाबांनी शांतपणे सांगितलं, "जरा बाहेर गेलाय. बसा, येईलच."

तर प्रश्न होता, डोळा कुठे अडकतोय?

हा प्रश्न लेक लहानपणापासून ऐकत आली होती. पहिल्यांदा विचारला तेव्हा ती शाळेत नुकती जायला लागली होती. त्या चित्रात एका कोपऱ्यात ओलं, झगझगीत हिरवं होतं. पोरगी धावत गेली, त्यावर बोट टेकवलं आणि ओरडली, "हे! हे सगळ्यात छान!" बाबांनी मान डोलावली. "हो ना? मलाही तेच वाटत होतं," ते म्हणाले, आणि चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून त्यांनी ते हिरवं पुसून टाकलं.

त्या दिवशी पोरीने घर डोक्यावर घेतलं. जेवली नाही. बाबांनी तिला मांडीवर घेऊन समजावलं, "अगं, एक कोपरा असा मिरवायला लागला ना, की बाकीचं सगळं चित्र त्याच्यामागून सामान उचलत चालतं. डोळा जिथे अडकतो ते झाकायचं. मग तो सगळीकडे फिरतो."

त्यांचं म्हणणं बरोबर असेलही. पण पोर काही तरी वेगळंच शिकली. आवडलं म्हणून सांगितलं की ते जातं. पुढच्या वेळी प्रश्न आला तेव्हा तिने आवडलेल्या जागेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. भलत्याच कोपऱ्यातल्या एका मळकट करड्यावर बोट ठेवलं. बाबांनी ते करडं बुजवलं. आवडलेलं निळं वाचलं. झालं, तेव्हापासून हाच खेळ. मोठी होता होता ती त्यात चांगलीच तरबेज झाली. आधी डोळे न हलवता जीव कशात अडकलाय ते बघायचं. मग बळी द्यायला दुसरी एखादी जागा हुडकायची. तीही उगाच कुठली तरी नाही, नाही तर बाबांना संशय येईल. गेली तरी जिच्याशिवाय चित्राचं अडणार नाही अशी. आणि तोंडातून 'छान' हा शब्द म्हणून काढायचा नाही.

तो तिने खरोखरच कधी काढला नाही. बाबांच्या प्रदर्शनांत लोक हात हातात घेऊन बोलत, ती कोपऱ्यात उभी राहून चहाचं वाटप बघे. बाबांचे चित्रकार मित्र म्हणत, "तुझी लेक म्हणजे दगड आहे रे." बाबा हसत. "दगडच. पाट्यावरवंट्याचा. सगळं वाटून बघते."

त्या सकाळी ईझलवर जे चित्र होतं ते बाबा बऱ्याच दिवसांपासून करत होते. बहुतेक सगळं पांढरं आणि करडं, थरावर थर, थंडीत काचेवर वाफ धरावी तसं. मधोमध पट्टीचा एकच लांब ओरखडा. आणि खाली उजवीकडे, तळहाताएवढा, खरवडताना वर आलेला तांबूस डाग. विटेची भुकटी ओल्या हाताला लागावी तसा. तो पाहिला आणि लेकीचा जीव तिथेच अडकला. सवयीने तिने लगेच नजर काढून घेतली आणि द्यायला दुसरी जागा शोधू लागली.

वरचं डावीकडचं पांढरं? ते काढलं तर तांबूस डाग एकटा पडेल. ओरखडा? तो काढला तर दोन बाजू एकमेकींशी बोलायच्या थांबतील. कडेचा तो करडा पट्टा? तिने मनातल्या मनात तोही झाकून पाहिला. नाही. ती आरशात जाऊन बघून आली. मागे सरकली. पुन्हा पुढे आली. एरवी निमिषात उरकणारं काम, आज घोडं अडलं ते अडलंच.

"काय परीक्षक? आज पेपर अवघड?"

"आज नाही सांगत," ती पिशवी सावरत म्हणाली. "मुद्रितं द्यायची आहेत. उद्या सांगते."

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्याकडे पाहिलं. चित्राकडे नव्हे, तिच्याकडे. जरा जास्तच वेळ.

"कुठेच बोट नाही दाखवत?"

"म्हटलं ना, उद्या."

"बरं," ते म्हणाले, आणि शीळ घालू लागले. त्यांना शीळ धड कधी घालता आली नाही, नुसती हवा जायची. अंगण ओलांडेपर्यंत ती हवा तिला ऐकू येत होती.

संध्याकाळी आईचा फोन आला तो नाकाला मिरच्या झोंबल्यासारखा. "तुझ्या वडिलांनी भांड्यांच्या साबणाची अख्खी वडी पळवली. नवी! आत्ता काढली होती. आता मी भांडी काय यांच्या टर्पेंटाइनने घासू?" मागून बाबांचा आवाज आला, "घास, चकाकतील!" लेकीसमोर पानं पसरलेली होती. ती हसली, "आणून देईन उद्या दोन," म्हणाली आणि फोन ठेवून कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चहा घेऊन मागच्या खोलीत गेले आणि खुर्चीत बसले ते बसलेच. चहा निम्मा प्यालेला होता. डॉक्टर म्हणाले, कळलंसुद्धा नसेल.

मग माणसं आली, गेली. लेकीने जे करायचं ते सगळं नीट केलं. कागद भरले, दुकान आवरलं, आईच्या गोळ्यांच्या वेळा पाहिल्या. पुस्तकांतून शोकाबद्दल तिने पुष्कळ वाचलं होतं. त्यातलं काहीच उपयोगाला आलं नाही, याचं तिला नवलही वाटलं नाही. फक्त मागच्या खोलीत ती गेली नाही. साबणाच्या दोन वड्या मात्र आणून दिल्या.

ऋतू पालटला तेव्हा चौकटकाका आले.

बाबांच्या चित्रकारांच्या टोळक्यात मुळात चौघं. चौकटकाका, कारण ते फक्त चौकोन रंगवत, चिकटपट्टी लावून, कडा अशा की बोट कापावं. राखाडी मावशी, कारण तिने दुसरा रंग कधी विकत घेतला नव्हता. बाबा. आणि रेघोट्या, जो दोन वर्षांपूर्वी गेला. त्या चौघांचा चहाच्या टेबलावर ठरलेला एक करार होता. ईझलवर अर्धं चित्र ठेवून जायचं नाही. आणि गेलाच कुणी, तर उरलेल्यांपैकी एकाने ते पुरं करायचं. हसतहसतच ठरलेलं. पण रेघोट्या गेला तेव्हा बाबांनी त्याच्या कॅनव्हाससमोर खुर्ची टाकली, पुष्कळ दिवस नुसते बघत बसले, एक रेघ ओढली आणि म्हणाले, "झाला मोकळा." तेव्हापासून त्या कराराची चेष्टा कुणी केली नाही.

चौकटकाकांच्या हातात रंगपेटी होती, काखेत चिकटपट्टीचं भेंडोळं. मागून राखाडी मावशी, नेहमीची करडी साडी, नेहमीचं तिरकस हसू.

"पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे आमचं," काका म्हणाले. "त्याचं चित्र मधल्या भिंतीवर लावायचंय. पण अर्धं कसं लावू? मी पुरं करणार. शब्द दिलाय." त्यांचा आवाज मोठा होता, पण पेटीची कडी त्यांनी काढली, पुन्हा लावली, पुन्हा काढली.

"तुला मळमळतंय का रे?" मावशी म्हणाली. "नाही तर आधी बसून घे. तुझे ते चौकोन त्याच्या चित्रावर चिकटवायचे असतील तर शुद्धीत राहून चिकटव."

"तू गप गं. मी त्याच्याच पद्धतीने करणार आहे."

लेकीला त्यांच्यामागून खोलीत जावंच लागलं. वर्तमानपत्रांचा थर पायाखाली तसाच कुरकुरला. चित्र होतं तिथेच होतं. तांबूस डागही. तिने लगेच नजर बाजूला घेतली.

काका चित्रासमोर पाय रोवून उभे राहिले. पंचवीस-तीस वर्षं मित्राला बघितलेला माणूस, त्यांना खरवडायची पट्टी कुठे असते, चिंधी कुठे असते, सगळं ठाऊक. आणि नियमही ठाऊक.

"हा बघा," ते म्हणाले, "हा तांबडा ठिपका. सरळ आहे. डोळा इथे अडकतो. म्हणजे हा झाकायचाच त्याने ठेवला होता. एवढंच काम राहिलंय. वरून पातळ करडा दिला की झालं." आणि ते लेकीकडे वळले. "की तुला काही वेगळं दिसतंय? तुलाच विचारायचा ना तो? सांग, डोळा कुठे अडकतोय?"

तो प्रश्न दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिने कधी ऐकला नव्हता. त्यामुळे असेल, किंवा एवढ्या वर्षांची सवय म्हणा, तिचा हात आपोआप वर गेला. तांबूस डाग वाचवायला तिने बोट केलं ते वर, डावीकडच्या पांढऱ्याकडे.

"तिथे," ती म्हणाली.

"तिथे?" काकांनी डोळे बारीक केले. "असेल, असेल. माझ्या नव्हतं लक्षात आलं. ठीक आहे, मग आधी ते बुजवतो. डागाचं नंतर बघू." त्यांनी पांढऱ्याची नळी दाबली, थेंबभर काळा घातला आणि पेटीच्या झाकणावर ब्रशने दोन्ही कालवायला लागले.

लेक बघत राहिली. युक्ती यशस्वी झाली होती, डागाची वेळ टळली होती, आणि तेव्हा तिला कळलं, आपण काय करून बसलो. कारण ते पांढरं द्यायचं नव्हतं. त्या सकाळी ती एवढा वेळ उभी राहिली होती ती याचसाठी. यातलं काहीच देण्यासारखं नव्हतं. आणि आता काका ब्रश भरून घेऊन निघाले होते, तिच्याच सांगण्यावरून.

"काका, थांबा."

"का गं?"

तिने बोट पुन्हा वर नेलं आणि खाली घेतलं. जागा दाखवून वाचवायचं तिला येत होतं. दुसरं काही तिने कधी केलं नव्हतं.

मावशी मोडक्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, "चौकट, ब्रश खाली ठेव. तू तिच्या बोटाकडे बघतोयस."

"मग कुठे बघू? तो तेच करायचा!"

"तो काय करायचा ते मला विचार. मी त्याला एकदा म्हटलं होतं, आम्ही एवढे चित्रकार बसलोय, आम्हाला विचारत नाहीस आणि त्या पोरीला विचारतोस, जी कधी एक चांगला शब्द बोलत नाही. तर म्हणाला, 'माझी लेक ताकाला जाऊन भांडं लपवते. जे जिवापाड आवडलंय त्याच्याकडे ती बघतसुद्धा नाही, न जाणो मी पुसलं तर! बोट करते ते गेलं तरी चालेल अशा जागेकडे. आणि जे गेलं तरी चालतं, ते मला चित्रात हवंय कशाला?'" मावशीने लेकीकडे पाहिलं. "लहानपणीच ओळखलं होतं त्याने. तू त्याला फसवतेस हे त्याला ठाऊक होतं, आणि तू फसवावंस म्हणून तो विचारायचा."

लेक खुर्चीच्या उरलेल्या हातावर टेकली. म्हणजे ते निळं, तो पिवळा पट्टा, एका जुन्या चित्रातली ती काळी चीर, जे जे तिने आपलं म्हणून चोरून वाचवलं होतं, ते चोरलेलं नव्हतंच. त्यांनी ते तिच्या हाती दिलं होतं, आणि तोंड फिरवून उभे राहिले होते.

"हे नवीनच," काका म्हणाले. त्यांना बरंच लागलं असावं. "मला कधी बोलला नाही."

"तुला बोलला असता तर गावाला कळलं असतं."

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिला चित्रांशी घेणंदेणं नव्हतं. तिने ट्रे ठेवायला फळीवर जागा केली आणि करवादली, "हे बघा, हे! अजून इथेच पडलीय. माझी वडी." एका ताटलीत साबणाचा झिजून चपटा झालेला तुकडा वाळून चिरला होता. शेजारी बरणीत सगळे ब्रश उभे होते, केस वर करून, कोरडे, स्वच्छ, मोठ्यापासून लहानापर्यंत. "चित्र संपलं की माझा साबण संपलाच. मधे कधी धुवायचे नाहीत, म्हणायचे तार तुटते. तोवर सगळे ब्रश त्या टर्पेंटाइनच्या डब्यात बुडलेले, घरभर वास."

काकांनी बरणीतला एक ब्रश उचलला, अंगठ्याने केस मागे दाबून मुळाशी पाहिलं. रंगाचा मागमूस नव्हता. त्यांनी तो जपून परत ठेवला.

"हे कधी धुतले?"

"ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी. मी हिला फोन करून सांगितलं नव्हतं का?"

लेकीला ती सकाळ आठवली. कपाळावर चढवलेला चष्मा. 'कुठेच बोट नाही दाखवत?' ते उद्याची वाट बघत थांबले नव्हते. तिला देण्यासारखं काही सापडलं नाही, हेच त्यांना उत्तर पुरलं होतं. ती अंगण ओलांडत असतानाच त्यांनी साबण शोधायला सुरुवात केली असेल.

पण काका हटवादी माणूस. शिवाय मित्राला दिलेला शब्द त्यांना असा भांड्यांच्या साबणात वाहू द्यायचा नव्हता. "असं बघ," ते लेकीला म्हणाले, आता हळू आवाजात, "ब्रश मीही धुतो आणि सकाळी उठून पुन्हा घाण करतो. रेघोट्याचं चित्र त्याने एका रेघेसाठी अडवून ठेवलं होतं. उद्या हे मधल्या भिंतीवर लागणार, लोक विचारणार, पुरं आहे का? मी काय सांगू, की त्याची लेक बोट दाखवते पण ते धरायचं नाही? तू एकदा काय ते तोंडाने बोल. मी त्याप्रमाणे करतो. पेटी उघडीच आहे."

आई कपात चहा ओतायची थांबली.

लेक उठली. चित्रासमोर, बाबा उभे राहायचे त्या जागी, जिथे कागद सगळ्यात जास्त कुरकुरायचा, तिथे जाऊन उभी राहिली. आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा आधी त्या तांबूस डागाकडे पाहिलं, सरळ, नजर न चोरता. मग ओरखड्याकडे, कडेच्या पट्ट्याकडे, वरच्या पांढऱ्याकडे. डोळा फिरत राहिला. कुठे थांबला नाही.

तिने काकांना उत्तर दिलं, पण बोलली ती त्यांच्याशी नाही.

"बाबा, हा डाग मला आवडतो. ते पांढरंही. सगळंच. ते पहिलं हिरवंही मला अजून आवडतं. तुमची सगळी चित्रं मला फार आवडतात, कधीपासून आवडतात." ती अजून डागाकडेच बघत होती. "छान आहे. पुरं आहे. यातलं काही पुसू नका."